बसल्या पायाची मजुरी

तळपायाची जखम महिनोन्महिने भरत नाही तेव्हा माणूस काय काय करून पाहतो, हे गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात विचारावे. हळद-तेल होते, झाडपाला होतो, मेडिकलमधून आणलेले मलम होते, आरोग्य केंद्रातली पट्टी होते, मधेच कुणी अंगारा आणून देतो. मग नागपूर. आता नागपूरच्याही पुढची एक पायरी मोबाईलवर दिसू लागली आहे, तिचे नाव शॉक वेव्ह थेरपी. यंत्राचे टोक जखमेवर धरायचे, ध्वनिलहरींचे ठोके द्यायचे. चिरफाड नाही, टाके नाहीत, आणि हट्टी जखम भरून येते असा दावा. ज्याच्या घरात अशी जखम आहे त्याला हे ऐकून आशा वाटणारच. त्या आशेचा कुणी बाजार मांडण्याआधी तिला खरे उत्तर मिळायला हवे.

हे यंत्र थोतांड नाही, हे आधी सांगितले पाहिजे. त्यात विजेचा झटकाही नसतो. क्षणभराची, पण अतिशय जोरकस अशी दाबाची लाट तयार करून ती जेलच्या थरातून शरीरात सोडली जाते. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन चाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉर्निअर कंपनीच्या यंत्राने एका रुग्णाचा मुतखडा अशा लहरींनी बाहेरूनच फोडला. तेव्हापासून मुतखड्यासाठी पोट फाडण्याची वेळ फार थोड्यांवर येते. पुढे हाडांच्या डॉक्टरांनी याच लहरी टाचदुखीसाठी वापरायला घेतल्या. जखमेवर सोडतात त्या लहरी बऱ्याच सौम्य असतात. त्या काही फोडत नाहीत. पेशींना धक्का बसतो, त्या धक्क्याने पेशी नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटण्याचे रासायनिक संदेश सोडतात, रक्त पोचू लागते आणि अडून बसलेली जखम पुन्हा भरायला लागावी, अशी यामागची अपेक्षा.

अपेक्षा किती खरी ठरली? डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डर्मापेस नावाच्या यंत्राला मधुमेहींच्या पायांवरच्या व्रणांसाठी परवानगी दिली. त्यासाठी ३३६ मधुमेही रुग्णांचा अनुभव तपासला गेला. सगळ्यांची नेहमीची मलमपट्टी चालूच होती. काहींना त्याबरोबर एक ते सात वेळा खरे ठोके दिले, काहींना यंत्र लावल्याचे नुसते दाखवले. २४ आठवड्यांनी खऱ्या यंत्राच्या गटात ४४ टक्के जखमा पूर्ण मिटल्या होत्या, खोट्या यंत्राच्या गटात ३० टक्के. फरक आहे, आणि ज्याचा पाय वाचला त्याच्यासाठी तो फार मोठा आहे. पण शंभरातल्या छप्पन्न जखमा खरे यंत्र लावूनही उघड्याच राहिल्या, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. परवानगी होती ती सोळा चौरस सेंटीमीटरपर्यंतच्या, हाड उघडे न पडलेल्या जखमांसाठी. पायाच्या शिरा फुगून घोट्याजवळ होणाऱ्या व्रणांवर या लहरींचा उपयोग होतो का, हे पाहायला निघालेल्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याला विश्वास ठेवण्याजोगी एकही तुलनात्मक चाचणी सापडली नाही. मधुमेही पायासाठी जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून केलेली मार्गदर्शक तत्त्वे तर स्पष्ट सांगतात की चांगला नेहमीचा उपचार बाजूला ठेवून शॉक वेव्हसारख्या गोष्टींमागे जाऊ नये. आणि कुष्ठरोगाने बधीर झालेला पाय तर त्या अमेरिकन परवानगीत नव्हताच.

म्हणजे सगळा भार येतो तो ‘चांगल्या नेहमीच्या उपचारा’वर. हा उपचार म्हणजे काय? मेलेले मांस आणि कडेचा घट्टा वेळोवेळी काढणे. जंतुसंसर्ग आटोक्यात आणणे. साखर ताब्यात ठेवणे. पायाची नाडी लागते की नाही हे हाताने पाहणे, न लागली तर रक्तवाहिनीच्या डॉक्टरकडे पाठवणे. शिरांचा व्रण असेल आणि नाडी चांगली असेल तर पायावर घट्ट दाबपट्टी बांधणे. आणि तळपायाची जखम असेल तर तिच्यावरचा शरीराचा भार काढणे. यातले शेवटचे कलम सर्वांत स्वस्त दिसते, आणि आपल्या जिल्ह्यात तेच सर्वांत महाग आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. इथले वर्ष अनवाणी पायांवर उभे असते. आषाढात बांधीतल्या गुडघाभर चिखलात वाकून रोवणी, दिवसभर पाय पाण्यात. दिवाळीच्या मागेपुढे कापणी, तेव्हा धानाचे खुंट तळपायाला टोचतात. चैत्रात पहाटे मोहफूल वेचायला जंगलात, वैशाखात सालेकसा-देवरीच्या रानात तेंदूपत्ता तोडायला. ढिवरांचे पाय तलावात, हमालांचे पाय राईस मिलच्या फरशीवर पाठीवरच्या पोत्याखाली. या पायांत कुष्ठरोग आहे, कारण पूर्व विदर्भात तो संपलेला नाही. हत्तीरोग आहे, कारण तो पसरवणारा क्युलेक्स डासही संपलेला नाही. आणि आता शुगरही आहे. शहरातल्या खात्यापित्या घरांचा समजला जाणारा हा आजार बांधीत उतरणाऱ्या बाईलाही होतो. तिला तो पायाच्या जखमेवरून कळतो, रक्ताच्या तपासणीवरून कळत नाही.

बधीर पायाची जखम का भरत नाही, हे समजून घेणे हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. आपल्याला खडा टोचला की आपण लंगडतो. लंगडणे हीच शरीराची औषधयोजना असते. कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने पायाच्या नसा मेल्या की माणूस लंगडायचे विसरतो. चपलेत घुसलेला खिळा घेऊन तो बाजार करून येतो. जखम झाल्यावरही त्याच जागेवर पूर्ण वजन टाकून चालतो, कारण दुखतच नाही. आणि भोवतालचे लोक म्हणतात, दुखत नाही म्हणजे काही विशेष नसेल. त्या न दुखण्यातच सगळा घात आहे.

पुष्कळ काळ असे मानले जाई की कुष्ठरोग्याचे मांसच कुजके, ते झडणारच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हा समज मोडून काढला. त्यांचे निरीक्षण असे की हे मांस इतर कुणाच्याही मांसासारखे भरते. फक्त रोज नकळत त्यावर इजा होते ती थांबली पाहिजे. ती थांबवायला त्यांनी गुडघ्याखाली पायाला बेताचे घट्ट प्लास्टर घालण्याची पद्धत वापरली. तीही त्यांच्या आधी आपल्याच उपखंडात सुरू झालेली होती: १९३० च्या दशकात भारतात जोसेफ खान आणि सिलोनमध्ये मिलरॉय पॉल कुष्ठरोग्यांच्या तळव्यांच्या व्रणांना असे प्लास्टर घालत होते. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तिथून हे प्लास्टर मधुमेहींच्या पायांपर्यंत पोचले. आज मधुमेही तळपायाच्या व्रणासाठी जगभर सर्वांत खात्रीचा मानला जाणारा उपाय तोच आहे, गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे आवरण. गरिबातल्या गरीब, गावाबाहेर काढलेल्या माणसांच्या पायांवर भारतात शिकलेली गोष्ट श्रीमंत देशांनी उचलली आणि आपण ती विसरून यंत्राच्या जाहिरातीकडे पाहत बसलो, याचे मला फार वाईट वाटते.

प्लास्टरला लागते तरी काय? प्लास्टर ऑफ पॅरिस, कापूस, शिकलेला हात आणि साधारण सहा ते आठ आठवडे. सामान जिल्हा रुग्णालयात आहे, हात शिकवता येतो. सहा आठवडे कुठून आणायचे?

रोवणीचा हंगाम जवळपास तेवढाच असतो. गावात बायकांचे गट गुत्त्याने रोवणी घेतात. एक बाई बसली की तिच्या वाटणीचे पैसे गेले, आणि गटातल्या इतर बायकांना तिचे कामही ओढावे लागते. पुढच्या वर्षी तिला गटात घेताना विचार होतो. घरात तिच्या बसण्याला आळस म्हणतात, आणि सासू-सासरे म्हणत नसले तरी ती स्वतःच म्हणते. तिला डॉक्टर सांगतात, ‘पायावर जोर देऊ नका.’ ती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी बांधीत उतरते. डॉक्टर तिच्या कागदावर लिहितात की रुग्ण ऐकत नाही. तिने ऐकले आहे. तिला परवडत नाही. अशा पायावर जगातले सर्वांत भारी यंत्र लावले तरी ते धुरा फुटलेल्या बांधीत पाणी सोडत राहण्यासारखे होईल.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की न भरणाऱ्या जखमेच्या माणसाला विश्रांतीची मजुरी मिळाली पाहिजे. दया म्हणून नव्हे, उपचाराचा भाग म्हणून. जसे प्रतिजैविक मिळते तशी. हे काही नवे तत्त्व नाही. कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात-पाय शस्त्रक्रियेने सरळ करून घेणाऱ्या रुग्णाला बुडालेल्या मजुरीपोटी पैसे देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच. ती रक्कम पूर्वी ८,००० रुपये होती, नंतर १२,००० करण्यात आली. क्षयरोग्याला एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात. माणूस बरा व्हायचा तर त्याच्या पोटाचाही विचार करावा लागतो, हे सरकारने दोन ठिकाणी मान्य केले आहे. तिसऱ्या ठिकाणी मान्य करायला काय हरकत? पाय कापल्यावर माणूस दिव्यांग ठरतो, मग संजय गांधी निराधार योजनेसाठी त्याचे कागद हलू लागतात. तोच पाय वाचवायला सहा आठवडे बसायचे असते तेव्हा कुणाकडे अर्ज करावा हे कुणाला सुचतही नाही.

लोक फसवतील, असा आक्षेप येईल. औषधाच्या बाबतीतही तो घेता येतो, पण त्यासाठी आपण दवाखाने बंद करत नाही. आणि इथे तर फसवणुकीला जागाच कमी. प्लास्टर डॉक्टर घालतो, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी डॉक्टरच काढून बदलतो, रुग्णाला ते काढता येत नाही. बसल्याचा पुरावा पायातच असतो. सरकार करेपर्यंत गावानेही हात बांधून बसण्याचे कारण नाही. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. त्या कामांवर पाणी देणे, लहान मुले सांभाळणे ही कामे असतातच. मुले सांभाळणे तर सावलीत बसून होते. ती कामे गावात कुणाला मिळतात? ज्याच्या पायाला जखम आहे त्याचा हक्क त्यांवर पहिला असावा, असा ठराव कुठलीही ग्रामसभा करू शकते. रोवणीच्या गटानेही एखाद्या हंगामात आपल्यातल्या एकीला स्वयंपाक आणि पोरांची जबाबदारी देऊन पूर्ण वाटा दिला, तर त्या गटाने एका पायावर शस्त्रक्रियेइतकेच मोठे काम केले असे मी म्हणेन.

आता घराच्या उंबरठ्याकडे येतो, कारण तिथे सरकार येऊ शकत नाही.

बधीर पायाच्या माणसाने एक पाऊलही अनवाणी टाकू नये, हा नियम आहे. त्यासाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल असते. तिच्यात खिळा नसतो, मागे पट्टा असतो. कारण बधीर पायातून चप्पल निसटली तरी माणसाला कळत नाही. कुष्ठरोग कार्यक्रमातून ती रुग्णांना दिली जाते. पण आपल्याकडे चप्पल ओसरीत काढायची असते. स्वयंपाकघरात तर नाहीच, देवघराजवळ नाहीच, लग्नाच्या मांडवात पंगतीत नाही. म्हणजे दिवसाचे जितके तास माणूस घरात असतो तितके तास तो अनवाणी. चुलीतून उडालेला निखारा घरातच असतो, उन्हाने तापलेली अंगणातली फरशी घरचीच असते, तुटलेल्या बांगडीची काच घरातच सांडते. जखमा तिथे होतात. ज्या घरात आपली आई किंवा आपला बाप बधीर पायाने वावरतो, त्या घराने एक स्वच्छ चप्पल फक्त घरासाठी ठेवावी आणि ती स्वयंपाकघरातही चालेल असे सर्वांदेखत म्हणावे. आजीला बाटण्याची भीती वाटत असेल तर तिला प्रेमाने समजवावे. पवित्र काय, चुलीपुढची जमीन की तिथे उभा राहणारा माणूस, याचा निर्णय घराघरात व्हायला हवा. माझा निर्णय झालेला आहे.

मंदिरांच्या विश्वस्तांनाही हेच सांगणे आहे. नवरात्रात गोंदिया भागातून डोंगरगडच्या बमलेश्वरीला चालत जाणारे भाविक दरवर्षी असतात, आणि अनवाणी चालण्याचा नवस बोलणारेही त्यांच्यात असतात. श्रद्धेशी माझे भांडण नाही. पण मधुमेही माणसाने अनवाणी नवस बोलू नये, हे पुजाऱ्याने सांगितले तर डॉक्टरच्या दहा सल्ल्यांपेक्षा जास्त ऐकले जाईल. देवीच्या दारात धुऊन घातलेल्या कापडी-रबरी चपलेला मज्जाव नसावा, असा फलक एखाद्या तरी देवस्थानाने लावावा.

कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळणाऱ्या त्या चपलेची आणखी एक अडचण आहे, ती आपल्या नजरेची. तिचा ठरावीक आकार, ठरावीक रंग गावाला ओळखू येतो. चप्पल पाहिली की लोकांना आजार कळतो, आणि मुलीचे लग्न जमायचे असलेल्या घरात बाप ती चप्पल खाटेखाली ढकलून ठेवतो. कुष्ठरोगाचा जंतू सापडला १८७३ मध्ये. तो मारणारी बहुविध औषधे भारतभर पोचायला १९८३ पासून सुरुवात झाली. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग थोड्याच काळात थांबतो. नवरा-बायकोच्या घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात असलेला कुष्ठरोग २०१९ मध्ये संसदेने काढून टाकला. इतके सगळे होऊनही चप्पल खाटेखालीच आहे. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात जागा दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा केली. त्यासाठी त्यांच्याकडे कुठले यंत्र नव्हते. आपण ३० जानेवारीला कुष्ठरोगाविरुद्धची प्रतिज्ञा म्हणतो आणि ३१ तारखेला कुष्ठरोग झालेल्या घरच्या पाहुण्याचा कप वेगळा ठेवतो. चप्पल बाजारातल्या इतर चपलांसारखी दिसेल अशी बनवणे हे कारागिराचे काम. पण ती ओळखू आली तरी कुणाचे काही बिघडू नये, हे आपले.

डॉक्टरांनाही सांगण्यासारखे आहे. मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या माणसाला मोजे-चप्पल काढायला सांगितले जाते का? टेबलापलीकडून गोळ्या लिहिल्या जातात आणि पाय टेबलाखालीच राहतो. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून पाहायला दोन मिनिटे लागतात. कुष्ठरोगाच्या कामातले आरोग्यसेवक तर साध्या बॉलपेनच्या टोकाने बधिरता तपासतात. हे करण्याऐवजी थेट शॉक वेव्हचे पॅकेज सांगणारा दवाखाना दिसला, तर रुग्णाने इतके विचारावे: माझ्या पायाची नाडी पाहिली का, हाडापर्यंत संसर्ग गेला आहे का, आणि जखमेवरचा भार तुम्ही कसा काढणार? या तिन्हींची उत्तरे नसतील तर पैसे खिशातच ठेवावेत.

उपाय रोगाप्रमाणे बदलतात, हेही गावोगाव सांगितले पाहिजे, कारण चांगल्या मनाने केलेली चूकही पाय घेते. कुष्ठरोगाच्या कोरड्या पायाला रोज वीसेक मिनिटे पाण्यात बुडवून, घट्टा घासून, वर तेल लावायला शिकवतात. शेजारच्या घरातल्या शुगरवाल्याने ते पाहून पाय पाण्यात भिजत ठेवले तर त्याची कातडी नरम होऊन संसर्ग आत शिरतो. हत्तीपायाला रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे हाच मोठा उपचार. शिरांच्या व्रणाला दाबपट्टी तारक, पण ज्याच्या पायात रक्तच पोचत नाही त्याला तीच पट्टी मारक.

गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे एक दिवस शॉक वेव्हचे यंत्र यावे, असे मलाही वाटते. ज्या जखमा सगळे नीट करूनही अडून बसतात, त्यांच्यासाठी गरिबाने नागपूर-मुंबई का गाठावी? पण यंत्राच्या मागणीपत्राच्या आधी दुसरी मागणी जायला हवी: आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पायाचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग, तिथे प्लास्टर घालायला शिकलेले दोन परिचारक, आणि त्याच आवारात चप्पल बनवणारा एक कारागीर, जो पायाचा ठसा घेऊन, जखमेची जागा पोकळ ठेवून तळवा कापू शकेल. आपल्या जिल्ह्यात चामड्याचे आणि रबराचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे हात आहेत, त्यांना हे शिकवता येईल, त्यांचा मानही वाढेल आणि रोजगारही.

आणि या विभागाने वाट पाहत न बसता आठही तालुक्यांत जावे, तेही मृग लागायच्या आधी. तेंदूपत्त्याची तोड संपते आणि रोवणी सुरू व्हायची असते, त्या मधल्या पंधरा-वीस दिवसांत गावातल्या प्रत्येक मधुमेह्याचे, कुष्ठरोग झालेल्या प्रत्येकाचे, सुजल्या पायाच्या प्रत्येकाचे तळवे पाहून घ्यावेत. आशाताईंकडे घरांची यादी असते. ज्याच्या पायाला जखम सापडेल त्याचे नाव त्याच दिवशी ग्रामपंचायतीला कळवावे, म्हणजे आषाढ उजाडण्यापूर्वी त्याच्या पायाला प्लास्टर आणि त्याच्या घराला सहा आठवड्यांचे धान्य-पैसे, दोन्हींची सोय झालेली असेल.